शाळा सुटल्यावरचा हॉल

१९७४ साली मराठी रंगभूमीवर एक मोठी गोष्ट घडली आणि तिच्यासाठी कुणाला एक वीटही रचावी लागली नाही. दादर पश्चिमेला, स्टेशनापासून जवळच, छबिलदास शाळेचा हॉल होता. दिवसा तो शाळेचा. संध्याकाळी मुलं घरी गेली की रिकामा. 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने तो हॉल प्रयोगांसाठी मागितला, शाळेने दिला, आणि पुढे दीड दशकाहून जास्त काळ तिथे जे चाललं त्याला महाराष्ट्र आजही 'छबिलदास चळवळ' म्हणतो. चळवळींना माणसांची नावं मिळतात, विचारांची मिळतात, गावांची मिळतात. इथे ते शाळेच्या हॉलला मिळालं. मला या गोष्टीचं नवल अजून ओसरलेलं नाही.

शहरात कलेसाठी जागा करायची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोनशिला येते. भूखंड, आराखडा, निविदा, पायाभरणी, मग रखडलेलं काम आणि शेवटी कधीतरी हजार खुर्च्यांचं वातानुकूलित नाट्यगृह. अशी नाट्यगृहं हवीतच. ती नसलेल्या तालुक्याच्या गावांना विचारा. पण नवं काही उगवतं तेव्हा ते बहुतेक वेळा गच्चीवर, जुन्या बंगल्यात, शाळेच्या हॉलमध्ये उगवतं. असं का व्हावं, हे शोधायला गेलं तर उत्तर कलावंतांच्या जिद्दीत सापडतं तितकंच ते दोन भिंतींमधल्या अंतरात, भाड्याच्या आकड्यात आणि हॉलची किल्ली कुणाकडे आहे यातही सापडतं.

किल्लीपासूनच सुरुवात करू. सुलभा देशपांडे छबिलदासमध्ये शिक्षिका होत्या. शाळेच्या मुलांची नाटकं त्या बसवायच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी विजय तेंडुलकरांनी बालनाट्यं लिहून दिली होती. पुढे 'रंगायन' या नाट्यसंस्थेच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातली लीला बेणारे त्यांनी उभी केली. ती बेणारेबाईही शिक्षिकाच. रंगायनमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७१ मध्ये आविष्कार काढली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि सगळ्या व्यवहाराची मोट बांधणारे अरुण काकडे. पहिलं नाटक गिरीश कर्नाडांचं 'तुघलक'. मोठा पट, मोठं नेपथ्य, मोठं नाट्यगृह. असं नाटक एकदा करता येतं. दर महिन्याला नवं काही करून बघायचं असेल, ते फसण्याची मोकळीक हवी असेल, तर मोठ्या नाट्यगृहाचं भाडं आणि तिथल्या तारखा दोन्ही आड येतात. शनिवार-रविवारच्या तारखा धंदा करणाऱ्या नाटकांकडे जाणार, आणि ते बरोबरच आहे, त्यांनाही पोट आहे. मग दहा प्रयोगांचं आयुष्य घेऊन आलेल्या नाटकाने जायचं कुठे?

जिच्या मुख्याध्यापकांशी, शिपायांशी, घंटेच्या वेळांशी ओळख आहे अशी शाळा हाताशी होती. शहरातल्या कलेच्या इतिहासात अशा ओळखींची नोंद कमी होते. मला वाटतं, ती ठळक अक्षरांत व्हायला हवी. हॉल रिकामा आहे हे सगळ्या दादरला दिसत होतं. तो मागता येईल हे शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्या वर्तुळाला सुचलं.

आता त्या खोलीकडे जरा शास्त्राच्या बाजूने बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एक कंटाळवाणं काम मिळालं. फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही समजत नव्हतं. एकेक शब्द पाच सेकंदांहून जास्त घुमत राहायचा आणि पुढच्या शब्दांवर सांडायचा. सॅबिनने काय करावं? रात्री, रहदारी थांबली की, शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांवरच्या गाद्या उचलून आणायच्या, त्या व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. मग आणखी गाद्या. पहाटेच्या आत सगळ्या परत. या गाद्यांच्या वाहतुकीतून वास्तूच्या ध्वनिशास्त्राचं पहिलं सूत्र निघालं. खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका आवाज जास्त घुमतो, आणि आवाज शोषणारं खोलीत जितकं जास्त तितका तो लवकर विरतो. शोषण मोजायला त्याने एकक घेतलं उघड्या खिडकीचं, कारण खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

आणि मग सॅबिनने माणसं मोजली. कपडे घालून बसलेला एक माणूस अर्ध्या चौरस मीटरहून थोड्या लहान उघड्या खिडकीइतका आवाज शोषतो.

हे वाक्य शाळेच्या हॉलला लावून बघा. समजा, पंधरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद, साडेचार मीटर उंच असा गिलाव्याच्या भिंतींचा, फरशीचा, पडदे नसलेला हॉल आहे. आपल्याकडच्या कितीतरी शाळांत असा असतो. रिकामा असताना त्यात शब्द जवळजवळ चार सेकंद घुमेल. तिथे सकाळची प्रार्थना छान वाटते, संवाद मात्र कळणार नाही. आता त्यात दीडशे माणसं आणून बसवा. सॅबिनच्या हिशेबाने साठ-सत्तर चौरस मीटरच्या खिडक्या एकदम उघडल्या. घुमण्याचा वेळ चारवरून एका सेकंदाच्या आसपास उतरतो, आणि बोलल्या शब्दासाठी एक सेकंद हा ध्वनितज्ज्ञांच्या लेखी जवळपास आदर्श आकडा आहे. म्हणजे शाळेचा हॉल नाट्यगृह होतो तो प्रेक्षक आत येऊन बसल्याने. सुतार नाही, गवंडी नाही. दादरच्या फलाटावरून आलेल्या, घामेजलेल्या, सुती कपड्यांतल्या माणसांनी ती वास्तू त्या संध्याकाळपुरती बांधलेली असते. तालमीत घुमणारं वाक्य प्रयोगाला स्वच्छ ऐकू येतं, असं नट सांगतात तेव्हा त्यांच्या भाबडेपणाला हसू नये. ते भौतिकशास्त्र सांगत असतात.

दुसरी गोष्ट अंतराची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. नटाच्या तोंडून निघालेला शब्द थेट कानावर येतो आणि त्याच्या मागोमाग भिंतींवरून परतलेला तोच शब्द येतो. मागचा शब्द सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पोचला तर कान दोघांना एकच समजतो, उलट त्याला जोर चढतो. त्याहून उशीर झाला तर गोंधळ. सेकंदाच्या विसाव्या भागात आवाज सतरा मीटर जातो. लहान खोलीत जवळच्या भिंतींवरून परतणारे पहिले आवाज या मुदतीच्या आत येतात, म्हणजे भिंती नटाच्या बाजूने बोलतात. मोठ्या सभागृहात त्याच भिंती त्याच्या विरोधात जातात, आणि मग माइक येतो.

डोळ्यांचंही तसंच. नाट्यगृह रचणारे एक ढोबळ मर्यादा पाळतात. वीसेक मीटरच्या पलीकडे माणसाच्या चेहऱ्यावरचे बारीक भाव वाचता येत नाहीत. हात दिसतात, मान दिसते, चाल दिसते. पापणी दिसत नाही. आता हजार माणसांना एका बाजूला, समोरासमोर बसवायचं तर माणशी पाऊण चौरस मीटरच्या आसपास जागा धरून मागची रांग तीस-पस्तीस मीटरांवर जाते. म्हणून बाल्कनी बांधावी लागते, आणि म्हणूनच मोठ्या रंगमंचावरचा नट शेवटच्या रांगेसाठी मोठा होतो. आवाज, हातवारे, थांबण्याच्या जागा, सगळं वाढतं. हे कमअस्सल नव्हे. संगीत नाटकाने आणि व्यावसायिक नाटकाने त्या मोठेपणातून फार सुंदर गोष्टी काढल्या. पण तेंडुलकरांच्या संवादांत वाक्यं तुटतात, पात्रं बोलता बोलता थांबतात, छापील पानावर नुसती टिंबं पसरलेली असतात. त्या टिंबांमध्ये जे चाललेलं असतं ते चेहऱ्यावर चालतं. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत टिंब म्हणजे नुसता खंड, आणि दहा मीटरांवर बसलेल्या माणसाला त्याच टिंबात आवंढा गिळलेला दिसतो. जवळून बघायला मिळालं म्हणून तसं लिहिणं, तसा अभिनय, तशी प्रकाशयोजना वाढीला लागली, असं मी ठामपणे म्हणेन. आधी नाटक लिहिलं गेलं आणि मग त्याला साजेशी खोली शोधली, इतका सरळ हा क्रम नसतो. खोलीही नाटक लिहिते.

आणि ही खोली नुसती लहान नव्हती, ती रिकामीही होती. मोठ्या नाट्यगृहात खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असतात, मंच एका टोकाला कायमचा उभा असतो, विंगा आणि पडदा ठरलेल्या जागी असतात. बघणारे कुठे, करणारे कुठे हे वास्तुविशारदाने आपल्या आधीच ठरवून टाकलेलं असतं. मोकळ्या हॉलमध्ये दिग्दर्शकाला पहिला प्रश्नच हा पडतो की, आज माणसं बसवायची कुठे? बंगालीत बादल सरकार नेमका हाच प्रश्न विचारत होते. मंच नको, पडदा नको, प्रेक्षक आणि नट एकाच जमिनीवर, अंगणात असल्यासारखे. त्यांच्या 'मिछिल'चा 'जुलूस' अमोल पालेकरांनी छबिलदासला केला. माणसांच्या मधून, माणसांच्या भोवती धावणारं, घोषणा देणारं, हरवलेल्या मुलाला शोधणारं नाटक. ठोकलेल्या खुर्च्यांच्या नाट्यगृहात हे करायचं म्हटलं तर आधी पाना घेऊन बसावं लागलं असतं.

चहूबाजूंनी बघणं आपल्याकडे नवं मुळीच नाही, हे सांगायला कोल्हापूरला जायला हवं. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. रोमचं प्राचीन प्रेक्षागार त्यांनी पाहिलं आणि कुस्तीसाठी तसं काही आपल्या करवीरनगरीत असावं हे त्यांच्या मनात बसलं. १९१२ साली खासबाग मैदान तयार झालं. मधोमध लाल मातीचा हौदा आणि त्याच्या चहूबाजूंना चढत जाणारी बैठक. या आकाराची ताकद साध्या गणितात दिसते. हौद्याच्या मध्यापासून दहा मीटरांवर पहिली रांग धरा. त्या वर्तुळाचा परीघ होतो ६३ मीटर. माणशी अर्धा मीटर दिला तर एकाच रांगेत सव्वाशे माणसं. अशा दहा रांगा मागे मागे चढवल्या तर सतराशेच्या पुढे माणसं बसतात, आणि शेवटच्या रांगेतला माणूसही वीस मीटरच्या आत असतो. पैलवानाच्या कपाळावरची शीर त्याला दिसते. हजार माणसांच्या नाट्यगृहाला जे बाल्कनी बांधून साधत नाही ते गोल बसल्याने साधतं. तमाशा गावोगाव माणसांच्या कोंडाळ्यात रंगला, जागरण-गोंधळ अंगणात होतो, कीर्तनकाराला श्रोते तीन बाजूंनी धरून असतात, ते यामुळेच. एका बाजूला पडदा लावून बघायची पद्धतच आपल्याकडे उशिरा आली. छबिलदासच्या हॉलमध्ये तरुण मुलं 'प्रायोगिक' म्हणून जे करत होती त्यात जुन्या अंगणाचा बराच अंश होता.

छबिलदासच्या आधी मुंबईत याच जातीच्या दोन जागा होऊन गेल्या होत्या. वॉर्डन रोडला समुद्राच्या कडेला भुलाभाई देसाई यांचा बंगला होता. त्यांच्यामागे त्यांच्या स्मरणार्थ तिथे संस्था सुरू झाली आणि बंगल्यातल्या खोल्या कलावंतांना मिळू लागल्या. भाडं दिवसाला एक रुपया. एका खोलीत वासुदेव गायतोंडे चित्रं काढत, दुसऱ्या खोलीत हुसेन, कुठे रविशंकरांच्या 'किन्नर' संगीतशाळेत सतार चाललेली, कुठे इब्राहिम अल्काझी नटांना शिकवत असलेले. एका छपराखाली चित्र, संगीत आणि नाटक. चहाला, जिन्यात, व्हरांड्यात ही माणसं एकमेकांना भेटत असणार यात शंका नाही, आणि भेटीची ही सोय कुठल्याही आराखड्यात 'सुविधा' म्हणून दाखवलेली नसते. गायतोंड्यांच्या चित्रांतली निःशब्द, पाण्यासारखी खोली पाहताना समोर समुद्र असलेल्या त्या खोलीची आठवण होते. एवढ्याने चित्राचं मर्म उलगडतं असा दावा मी करणार नाही. पण ज्याला दिवसाला रुपयात समुद्र मिळाला, त्याला चित्र विकलं जाण्याची घाई करावी लागली नाही, हे तरी नक्की. बंगला पुढे पाडला गेला. आज तिथे उंच इमारत आहे.

दुसरी जागा अल्काझींच्याच घराची गच्ची, कंबाला हिलवर. नाव 'मेघदूत'. जिने चढून वर जायचं आणि उघड्या आकाशाखाली नाटक बघायचं. पुण्यात जन्मलेले अल्काझी १९६२ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची सूत्रं घ्यायला दिल्लीला गेले आणि मुंबईतली त्यांची 'थिएटर युनिट' ही नाट्यसंस्था सत्यदेव दुबेंकडे आली. अल्काझींकडे शिकलेल्या विजयाबाई मेहतांनी १९६० मध्ये रंगायन उभी केली. रंगायनमधून आविष्कार. आविष्कारमुळे छबिलदास. दुबेही मग छबिलदासला प्रयोग करू लागले. या साखळीत प्रत्येक कडी एका जागेतून दुसऱ्या जागेत गेलेल्या माणसांची आहे. एक जागा बंद पडते तेव्हा माणसं सोबत काय घेऊन निघतात, याचा हा नकाशा आहे.

छबिलदासच्या यशात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी. आविष्कारने हॉल मिळवला आणि तो फक्त स्वतःसाठी ठेवला नाही. मुंबईच्या दुसऱ्या संस्था आल्या, बाहेरगावच्या आल्या. एलकुंचवार, आळेकर, अच्युत वझे या नाटककारांच्या पिढीला प्रेक्षक मिळाले. आणि प्रेक्षकांना सवय लागली, हे त्याहून मोठं. आज काय आहे हे न बघताही माणसं छबिलदासला जायची, कारण काहीतरी असणार. नाटक झालं की गल्लीतल्या श्रीकृष्णचा बटाटावडा खात, आत्ता पाहिलेल्या नाटकाची चिरफाड करायची. अशा गप्पांतून पुढचं नाटक निघतं. ज्यांनी हे केलं त्यांनी नोकऱ्या सांभाळून, पदरमोड करून केलं. हॉल लावणं म्हणजे काय ते कधी जवळून बघा. शाळेचं सामान आधी कडेला घ्यायचं, मंच उभारायच्या लेव्हल्स ओढून आणायच्या, काळे पडदे बांधायचे, दिव्यांच्या वायरी चिकटपट्टीने जमिनीला धरायच्या, कुणाचा पाय अडकू नये म्हणून. प्रयोग संपला की हे सगळं उलट्या क्रमाने, कारण सकाळी वर्ग भरणार. नट, दिग्दर्शक, लेखक, सगळ्यांचे हात त्याला लागतात. हात लागलेल्या जागेवर माणसाचा जीव जडतो.

पैशाचा हिशेब मांडून बघितला तर हे का टिकलं तेही कळतं. समजा, दीडशे प्रेक्षक आणि पाच रुपये तिकीट. हॉल भरला तरी गल्ला साडेसातशेचा. त्यातून भाडं, दिवे, कपडे, रंगभूषा, टेम्पो. भाडं गल्ल्याच्या वर गेलं की त्या क्षणी प्रयोग संपला, मग नाटक कितीही थोर असो. म्हणून भाड्याचा आकडा हा कलेच्या बाहेरचा प्रश्न नाही. भाडं कमी असेल तर चाळीस माणसांसाठीही नाटक करता येतं आणि पुढच्या महिन्यात दुसरं करता येतं. फसलेल्या नाटकांच्या ओळीतूनच न फसलेलं येतं.

विटा रचूनही हे जमतं, हे जुहूच्या पृथ्वी थिएटरने दाखवलं. पृथ्वीराज कपूर यांच्या स्मरणार्थ शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी वास्तुविशारद वेद सेगन यांच्याकडून ते बांधून घेतलं. मंच पुढे आलेला, प्रेक्षक तीन बाजूंना, आसनं दोनशेच्या आसपास. हातात पैसा आणि जागा असताना त्यांनी मुद्दाम लहान बांधलं, याला मी शहाणपण म्हणतो. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी पडदा नसलेल्या त्या मंचावर पहिलं नाटक झालं 'उद्ध्वस्त धर्मशाळा'. गो. पु. देशपांडे यांच्या मराठी नाटकाचं हिंदी रूप, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांच्यासह. बाजूच्या कॅफेचाही पृथ्वीच्या जगण्यात वाटा आहे. नाटक सुरू व्हायच्या आधी तासभर आणि संपल्यावर दोन तास माणसाला तिथे थांबायला कारण मिळतं. पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच याच कुळातला. लहान, जवळचा, वस्तीत मुरलेला.

नाटकापुरतंच हे खरं आहे असंही नाही. पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव झालं. राज्य मराठी विकास संस्थेच्या या योजनेत नवं ग्रंथालय बांधलं गेलं नाही. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावातली घरं, देऊळ, शाळा अशी पंचवीस ठिकाणं निवडली आणि पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं त्यांच्यात वाटली. कुणाच्या ओसरीवर कथा, कुणाच्या माडीवर चरित्रं. घरमालक तिथे राहतात, जेवतात, आणि अनोळखी माणूस येऊन त्यांच्या घरात पुस्तक वाचत बसतो. दार उघडं ठेवायला तयार असलेली इतकी कुटुंबं एका छोट्या गावात निघाली, हे मला त्या हजारो पुस्तकांपेक्षा मोठं वाटतं.

उसनी जागा कधीतरी परत करावी लागते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आविष्कारचा छबिलदासमधला मुक्काम संपला. संस्था माहीमच्या एका पालिका शाळेत गेली. काकडेकाकांच्या देखरेखीखाली तिथेही तालमी, प्रयोग, महोत्सव, शिबिरं झाली, नवी पोरं घडली. पुढे तीही जागा गेली. संस्था राहिली, पण 'आज छबिलदासला काय आहे?' हा दादरकरांचा सवयीचा प्रश्न पुन्हा तसा कुणाला विचारता आला नाही. मुंबईत आणि महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक शहरात पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या, खासगी संस्थांच्या शाळा आहेत. त्यांतल्या अनेकांना हॉल आहे, आणि संध्याकाळी सहानंतर त्यांना कुलूप असतं. तिथे वीजबिल कोण भरेल, सकाळी वर्ग स्वच्छ कोण देईल, आग लागली तर बाहेर पडायची वाट कुठली, हे प्रश्न खरे आहेत आणि सुटणारे आहेत. कमी भाडं, वर्षभराच्या ठरलेल्या तारखा आणि किल्ली सांभाळणारं एक जबाबदार माणूस एवढ्यावर ते सुटतात. नगरसेवकांकडे नाट्यगृह मागायला जाणाऱ्यांनी त्याच अर्जात शाळेचा हॉलही मागावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आणि जे बांधलेलं आहे ते राखायचं कसं, हा प्रश्न पुन्हा खासबागेपाशीच नेतो. कुस्तीच्या मैदानाला लागून शाहू महाराजांनी नाटकासाठीही थिएटर बांधलं. पैलवान आणि गायकनट शेजारी शेजारी, दोघांनाही राजाश्रय. १४ ऑक्टोबर १९१५ रोजी ते 'पॅलेस थिएटर' म्हणून सुरू झालं आणि पुढे कोल्हापूरच्याच केशवराव भोसले यांचं नाव त्याला दिलं गेलं. 'ललितकलादर्श' काढणारे, बालगंधर्वांसोबत 'संयुक्त मानापमान' गाजवणारे आणि १९२१ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेलेले केशवराव. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, या नाट्यगृहाला आग लागली. लाकूडकाम जळालं, छप्पर कोसळलं, दगडी भिंती उभ्या राहिल्या. कोल्हापूरचे कलावंत आणि रसिक तिथे जमून रडले. होतं तसंच पुन्हा उभं करा, ही मागणी लगेच झाली आणि पुनर्बांधणी हाती घेतली गेली.

'होतं तसंच' या शब्दांत किती काय आहे, हे सॅबिनच्या गाद्या आठवल्या की लक्षात येतं. १९१५ साली नाट्यगृहांत ध्वनिवर्धक नव्हते. ती वास्तू उघड्या गळ्यासाठी बांधलेली होती. लाकडाचं छत, लाकडाचा मंच, दगडी भिंती, आसनांच्या रांगांमधलं अंतर, छताची उंची, या सगळ्यांनी मिळून तिथला आवाज घडला होता. भिंत हुबेहूब रंगवता येते, नक्षी छायाचित्रांवरून कोरता येते. पण लाकडाच्या जागी लोखंड आणि जिप्समचे तक्ते आले, आसनांवर जाड गाद्या आल्या, वातानुकूलनाची घरघर आली, तर दिसायला तेच राहून आवाज दुसराच होईल. नव्या छपराखाली उद्घाटनाच्या आधी त्या मंचावर वर्षानुवर्षं गायलेल्या, बोललेल्या माणसांना उभं करावं आणि माइकशिवाय एक पद, एक स्वगत म्हणायला लावावं. आधी रिकाम्या नाट्यगृहात, मग आत कोल्हापूरकर खच्चून बसलेले असताना. काय बदललं ते ती माणसं पहिल्या ओळीत सांगतील, आणि तेव्हा छत, गाद्या, पडदे बदलायला वेळ हाताशी असेल.